विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही: ड्रायव्हर बाहेरून द्यावा, आत भरावा, की बायोसला हात लावावा?

अकराव्या किंवा पुढच्या पिढीचा इंटेल लॅपटॉप आणि विंडोज ११चा नवाकोरा पेनड्राइव्ह. भाषा निवडली, अटी मान्य केल्या, आणि डिस्क निवडायच्या पडद्यावर यादी रिकामी. एसएसडी जागेवर आहे, कालपर्यंत चालत होती, तरी सेटअप म्हणतं की ड्राइव्ह सापडत नाही, ड्रायव्हर (तो भाग ओळखायला विंडोजला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) द्या. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि तेव्हापासून कुडाळ-कणकवलीकडे हा प्रश्न सारखाच येतो. गणपतीत तर चाकरमान्यांच्या सामानात मखराच्या सजावटीबरोबर एखादा अर्धवट फॉरमॅट मारलेला लॅपटॉपही उतरतो.

दोष एसएसडीचा नसतो. २०२०मध्ये आलेल्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांत इंटेलचा व्हीएमडी नावाचा कंट्रोलर कारखान्यातूनच चालू असतो. एसएसडी त्याच्या मागे बसते. विंडोजच्या पोतडीतला नेहमीचा एनव्हीएमई, म्हणजे नव्या एसएसडींचा, ड्रायव्हर व्हीएमडीपलीकडे पाहू शकत नाही. जुन्या मशिनांत हीच अडचण रेड (अनेक डिस्का एकत्र चालवणाऱ्या) कंट्रोलरमुळे यायची आणि त्याही आधी साध्या साटा कंट्रोलरमुळे.

यावर तीन वाटा आहेत. सेटअप चालू असताना ड्रायव्हर बाहेरून द्यायचा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशिनाच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हीएमडी किंवा रेड बंद करायचं, म्हणजे ड्रायव्हरची गरजच उरत नाही. किंवा ड्रायव्हर विंडोजच्या डिस्कमध्येच, म्हणजे सेटअपच्या पेनड्राइव्हमध्येच, आधीपासून भरून ठेवायचा. नेटवर व्हिडिओ बघून आलेली मंडळी तिसऱ्या वाटेवर फार लवकर जातात. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: मशीन एकच असेल आणि विंडोज १० किंवा ११ टाकायचं असेल, तर डिस्कमध्ये ड्रायव्हर भरत बसणं म्हणजे फुकटची मेहनत. ज्यांना ती वाट खरंच हवी असते ते वेगळे लोक, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आधी दुखणं हेच आहे ना, ते बघा

बायोसमध्ये जाऊन एसएसडीचं नाव दिसतंय का ते पाहा. तिथेच दिसत नसेल तर जगातला कुठलाही ड्रायव्हर उपयोगाचा नाही. मागचं झाकण उघडा, एसएसडी काढा, कडेचे सोनेरी पाय कोरड्या कापडाने पुसा आणि पुन्हा नीट बसवून स्क्रू आवळा. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यालगत खाऱ्या हवेत राहिलेल्या मशिनांत एवढ्यावरच काम होऊन जातं असं पुष्कळदा दिसतं.

दुसरं, सेटअपचा संदेश नीट वाचा. ‘ड्राइव्ह सापडत नाही’ हा एक संदेश. ‘तुमच्या संगणकाला लागणारा मीडिया ड्रायव्हर नाही’ हा वेगळा. हा दुसरा संदेश आला की लोक एसएसडीचे ड्रायव्हर शोधत सुटतात, पण बहुतेक वेळा तो पेनड्राइव्हबद्दल असतो. सेटअपला स्वतःच्याच फाइली वाचता येत नाहीत, कारण आयएसओ (विंडोजच्या सेटअपची मूळ फाइल) अर्धवट उतरली आहे, पेनड्राइव्ह नीट लिहिला गेला नाही, किंवा ज्या पोर्टात तो लावलाय त्या पोर्टाचाच ड्रायव्हर सेटअपजवळ नाही. पोर्ट बदलून बघा, पेनड्राइव्ह पुन्हा बनवा. स्टोरेज ड्रायव्हरचा इथे काही संबंध नाही.

हाताशी उबुंटूचा लाइव्ह, म्हणजे न बसवताच लिनक्स चालवणारा, पेनड्राइव्ह असेल तर तो लावून बघणं हा खात्रीचा उपाय. लिनक्सच्या कर्नलमध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर आधीपासून असतो. उबुंटूला एसएसडी दिसली आणि विंडोजच्या सेटअपला दिसली नाही, तर मामला नक्की ड्रायव्हरचा. शिवाय तिथूनच गिऱ्हाइकाचे फोटो आणि हिशेब बाहेर काढून घेता येतात, डिस्कवर कुलूप नसेल तर.

बाहेरून देणे

व्हिस्टापासून, म्हणजे २००७पासून, सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ नावाचं बटण आहे. विंडोज ११च्या नव्या सेटअपचं रूप बदललं तरी बटण जागच्या जागी आहे. ड्रायव्हरचं फोल्डर त्याच विंडोजच्या पेनड्राइव्हवर ठेवता येतं, दुसरा पेनड्राइव्ह लागतोच असं नाही. बटण दाबा, ब्राउझ करा, फोल्डर दाखवा, यादीत इंटेलचं व्हीएमडी कंट्रोलरचं नाव आलं की पुढे जा. अर्ध्या मिनिटात रिकाम्या यादीत एसएसडी उगवते. असा दिलेला डिस्कचा ड्रायव्हर सेटअप नव्या विंडोजमध्येही बसवून देतं, तेव्हा पहिल्या रीस्टार्टला काही अडत नाही.

इतकं सोपं असूनही लोक इथे अडकतात ते एकाच ठिकाणी: त्यांनी फोल्डरात ठेवलेली असते एक्सई फाइल. सेटअपला एक्सई नको, त्याला आयएनएफ, सिस आणि कॅट या सुट्ट्या फाइली लागतात. एक्सई ठेवली की ‘सही केलेला ड्रायव्हर सापडला नाही’ असं उत्तर येतं आणि माणूस समजतो की ड्रायव्हर चुकीचा आहे. इंटेलची जी सेटअप-आरएसटी नावाची फाइल मिळते तिला कमांड प्रॉम्प्टमधून ‘एक्स्ट्रॅक्ट-ड्रायव्हर्स’ हा पर्याय आणि पुढे एका फोल्डरचं नाव दिलं की ती ड्रायव्हर न बसवता नुसत्या फाइली सोडवून देते. त्यातलं व्हीएमडीचं फोल्डर तेवढं पेनड्राइव्हवर घ्यायचं. अकराव्या पिढीपासून पुढे तुम्हाला हवी असलेली आयएनएफ फाइल ‘आयए-स्टोर-व्हीडी’ या नावाची असते. शेवटी ‘एसी’ असलेली असते ती जुन्या पिढ्यांची. दोन्ही ठेवल्या तरी बिघडत नाही, सेटअप जुळेल ती उचलतं. फक्त ‘न जुळणारे ड्रायव्हर लपवा’ ही खूण चालू राहू द्या, नाहीतर यादीतून भलताच निवडला जातो.

इंटेल हीच फाइल झिपमध्येही देत आलं आहे आणि तिच्या नावात आजही ‘एफ-सिक्स-फ्लॉपी’ असं असतं. ज्या पोरांनी फ्लॉपी कधी हातात धरली नाही तीही बिचारी हे नाव बघून बिचकतात. बिचकू नका, हवी ती हीच. झिपचा आणखी एक फायदा खेड्यात फार कळतो. घरात दुसरा संगणक नसेल तर झिप मोबाइलवर उतरवा, मोबाइलच्या फाइल्समध्येच सोडवा आणि ओटीजीने पेनड्राइव्हवर टाका. एक्सई मोबाइलवर सुटत नाही, तिच्यासाठी कुणाचा तरी संगणक मागावा लागतो.

ड्रायव्हर शक्यतो लॅपटॉप कंपनीच्या पानावरून, मॉडेल नंबर घालून घ्या. आरएसटीच्या, म्हणजे इंटेलच्या या ड्रायव्हरच्या, सगळ्या आवृत्त्या सगळ्या पिढ्यांना चालत नाहीत. ‘ड्रायव्हर पॅक’ वाटणाऱ्या साइटींच्या वाटेला जाऊ नका. ड्रायव्हर काही एमबींचा, आणि त्याच्यासोबत येणारी घाण कायमची.

एएमडीच्या रेडवाल्या मशिनांत मात्र एक फाइल पुरत नाही. तिथे तीन ड्रायव्हर असतात आणि क्रमाने द्यावे लागतात: आधी आरसी-बॉटम, मग आरसी-रेड, मग आरसी-सीएफजी. पहिला देऊन डिस्क दिसली नाही म्हणून सोडून देणारे पुष्कळ.

या वाटेत खोट एवढीच की प्रत्येक मशिनाशी बसून ही बटणं दाबावी लागतात. एका मशिनाला ते काहीच नाही. शाळेच्या लॅबला मात्र कंटाळवाणं होतं.

त्यावर एक मधला मार्ग आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. पेनड्राइव्हच्या मुळाशी, कुठल्याही फोल्डरच्या आत नव्हे, एक फोल्डर करायचं. त्याचं नाव: डॉलरचं चिन्ह, मग विन, पीई, ड्रायव्हर हे तिन्ही जोडून, शेवटी पुन्हा डॉलरचं चिन्ह. मध्ये कुठेही जागा नाही, ड्रायव्हर एकवचनी. त्यात सोडवलेल्या फाइली टाकल्या की विंडोजचं सेटअप ते फोल्डर स्वतःच शोधतं आणि कुणी बटण न दाबता ड्रायव्हर उचलतं. इमेज उघडायची नाही, कमांड नाहीत, पेनड्राइव्ह पुन्हा बनवायचा नाही. पुढच्या वर्षी नवी आयएसओ आली की फोल्डर उचलून नव्या पेनड्राइव्हवर ठेवायचं. माझ्या मते दुकानदारानेसुद्धा आधी हे करून बघावं आणि यातून काम होत नसेल तरच पुढे जावं.

बायोसमध्ये बदल करणे

ही वाट सगळ्यात झटपट आणि म्हणूनच सगळ्यात जास्त वापरली जाणारी. बायोसमध्ये व्हीएमडी बंद केलं, किंवा साटा मोड रेडवरून एएचसीआय या साध्या मोडवर आणला, की विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर एसएसडी लगेच ओळखतो. काही लॅपटॉपांत पर्याय समोर दिसतो, काहींत लपवलेला असतो. एसरच्या बऱ्याच मॉडेलांत बायोसच्या मेन पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर व्हीएमडीची ओळ वर येते. काही मॉडेलांत पर्यायच दिलेला नसतो, तिथे ही वाट बंद.

एकच एसएसडी असलेल्या घरगुती लॅपटॉपला रेडचा उपयोग शून्य, तेव्हा व्हीएमडी बंद केल्याने रोजच्या कामात काही गमावत नाही. मग अडचण कुठे? दोन ठिकाणी.

पहिली, डिस्कवर आधीचं विंडोज जिवंत असेल तर. ते विंडोज व्हीएमडीच्या ड्रायव्हरवर उठायला शिकलेलं आहे. तुम्ही मोड बदलला की ते निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून बसतं. नुसतं डी ड्राइव्हमधलं काही काढायचं होतं आणि बसल्या जागी चालतं विंडोज बंद पाडलं, असे प्रकार होतात. मोड पुन्हा पूर्वीसारखा केला की ते उठतं, म्हणून घाबरून फॉरमॅट मारू नका. जुनं विंडोज ठेवूनच मोड बदलायचा असेल तर आधी सेफ मोडमध्ये उठण्याची सोय करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये उठू द्या, मग सेफ मोड काढून टाका. त्या एका फेरीत विंडोज योग्य ड्रायव्हर जागा करतं.

आणि हे करण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, बघा. हल्लीच्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्कचं एन्क्रिप्शन बरेचदा आपोआप चालू होतं. बायोसमध्ये असा बदल झाला की विंडोज अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागतं. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात असते आणि खातं असतं पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाचं, ज्याने लॅपटॉप सुरू करून दिला आणि बाबांना फक्त पिन सांगितला. मुलगा मीटिंगमध्ये, लॅपटॉप दुकानात, आणि बाबा काउंटरपाशी उभे. बदल करण्याआधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवा, निदान की आहे ना हे विचारून घ्या.

दुसरी अडचण उशिरा येते, त्यामुळे तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. व्हीएमडी बंद करून विंडोज टाकलं, मशीन परत दिलं, सगळं छान. वर्षभराने बायोस अपडेट झाला, किंवा डेस्कटॉपच्या बोर्डावरचा सेल संपला आणि बायोस मूळ सेटिंगवर गेला. मूळ सेटिंगमध्ये व्हीएमडी किंवा रेड चालू. विंडोज पुन्हा निळ्या पडद्यावर. गिऱ्हाईक म्हणतं हार्डडिस्क गेली, दुसरा दुकानदारही म्हणतो गेली, आणि नवी एसएसडी विकली जाते. आमच्याकडे पावसाळ्यात चार-चार महिने भिंतींना ओल असते, त्यात सेल आणि त्याचे पाय वेळेआधीच मान टाकतात. त्यामुळे डेस्कटॉपवर ही वाट घ्यायचीच असेल तर कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा: ‘साटा मोड एएचसीआय’. दहा सेकंदांचं काम आहे.

दोन डिस्कांची रेड असेल, किंवा इंटेलची ऑप्टेन (डिस्कचा वेग वाढवणारी) मेमरी जोडीला लावलेली असेल, तर बायोसला हात लावू नका. रेड मोडली तर डेटाही जाऊ शकतो.

डिस्कमध्येच भरणे

आता खरी कारागिरी. विंडोजच्या डिस्कवर ‘सोर्सेस’ नावाच्या फोल्डरात दोन मोठ्या इमेज असतात. बूट-विम म्हणजे सेटअप ज्यावर चालतं ते छोटं विंडोज. इन्स्टॉल-विम म्हणजे तुमच्या डिस्कवर उतरणारं खरं विंडोज. ड्रायव्हर दोन्हींत भरायचा असतो. बूट-विममध्ये नसेल तर सेटअपला डिस्क दिसत नाही. नुसता बूट-विममध्ये भरून थांबलात तर फाइली उतरल्यावर पहिल्या रीस्टार्टला निळा पडदा येण्याची भीती असते. बूट-विमच्या आतही दोन खाने असतात. पहिला नुसता विंडोज पीई, दुसरा सेटअप. दुसऱ्यात भरणं सक्तीचं, पहिल्यातही भरलं तर उत्तम. इन्स्टॉल-विममध्ये होम, प्रो वगैरे प्रत्येक आवृत्तीचा वेगळा खाना, तुम्ही जी टाकता तिच्यात भरा.

काम डिझम या विंडोजच्याच अवजाराने होतं, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. इमेज एका रिकाम्या फोल्डरात माउंट करायची, म्हणजे उघडून ठेवायची, ‘ॲड-ड्रायव्हर’ने फोल्डर दाखवायचं, ‘रिकर्स’ जोडलं की आतल्या उपफोल्डरांतलेही ड्रायव्हर घेतले जातात, आणि शेवटी ‘कमिट’ करून अनमाउंट. कमिट विसरला तर सगळं पाण्यात. कमांडची भीती वाटत असेल तर एनटीलाइट या सॉफ्टवेअरमध्ये हेच माउसने होतं. पण त्याची मोफत आवृत्ती घरगुती वापरापुरती आहे, दुकान चालवत असाल तर परवाना घ्यावा लागतो.

कागदावर हे पाच ओळींचं काम. प्रत्यक्षात अडथळे येतात ते असे. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवलेल्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉल-विम नसतेच, तिच्या जागी ईएसडी असते. ती घट्ट दाबलेली फाइल, थेट माउंट करून बदलता येत नाही. आधी डिझमनेच ती विममध्ये काढावी लागते. विम झाली की ती चार जीबीच्या पुढे जाते आणि फॅट-३२ पेनड्राइव्हवर एका फाइलला चार जीबीच्या वर जागा नाही. मग ती डिझमने तुकडे करून एसडब्ल्यूएम बनवा, किंवा रूफस या पेनड्राइव्ह बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने एनटीएफएस पेनड्राइव्ह करा. डीव्हीडीवर लिहायची हौस असेल तर विंडोज ११ची आयएसओ ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीत मावत नाही, साडेआठ जीबीची दुहेरी थराची लागते. ती लिहिणारा चांगला रायटर तालुक्याच्या गावात शोधून दाखवा. डीव्हीडीसाठी आयएसओ पुन्हा बांधावी लागते तेही वेगळं. पेनड्राइव्हला मात्र बदललेल्या विम फाइली जुन्यांवर कॉपी केल्या की झालं.

मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर हे काम करत असाल तर लॅपटॉपवर करा, नाहीतर इन्व्हर्टरवर. कमिट चालू असताना लाइट गेली की माउंट अर्धवट लटकतं आणि मग डिझमलाच आधीचं माउंट साफ करायला सांगावं लागतं. नेहमी प्रतीवर काम करा, मूळ आयएसओ बाजूला ठेवा. ती पुन्हा उतरवायची म्हणजे पाच-सहा जीबी. आमच्या वाडीत रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर त्याला किती दिवस लागतील ते तुम्हीच मोजा.

आणखी एक बारकावा, जो भरणाऱ्यांपैकी फार थोडे सांभाळतात. इन्स्टॉल-विमच्या पोटात आणखी एक छोटी इमेज असते, विन-आरई. विंडोज बिघडलं की दुरुस्तीचा जो निळा पडदा येतो तो हिच्यावर चालतो. तिच्यात ड्रायव्हर नसेल तर विंडोज मजेत चालतं, पण सहा महिन्यांनी दुरुस्तीची वेळ आली की त्या पडद्याला डिस्क दिसत नाही. भरायचंच ठरवलंत तर इथपर्यंत जाऊन भरा.

एवढं करून वर्षभराने विंडोज ११ची नवी आवृत्ती आली की सगळं पहिल्यापासून. कुठल्यातरी वेगळ्या मॉडेलचा ड्रायव्हर लागला की पुन्हा. म्हणून ही वाट तेव्हाच परवडते जेव्हा एकच मॉडेल पुन्हा पुन्हा येतं, मशिनापाशी बसणारा माणूस जाणकार नसतो, किंवा सेटअप उत्तरफाइल (त्याच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली फाइल) लावून कुणी न बघता चालवायचं असतं.

जुन्या विंडोजला उत्तर उलटं

वरचं सगळं १० आणि ११ला. काजू कारखान्याचा वजनकाटा, लॅबमधलं रक्ततपासणीचं यंत्र, कुठल्यातरी सोसायटीचं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर, अशा ठिकाणी अजून विंडोज ७ किंवा एक्सपीच लागतं, आणि तिथे मी डोळे झाकून म्हणेन, आतच भरा.

विंडोज ७चं कारण मजेदार आहे. त्याच्यात एनव्हीएमईचा ड्रायव्हर मुळात नाही, मायक्रोसॉफ्टने तो नंतर हॉटफिक्स, म्हणजे दुरुस्तीचं ठिगळ, म्हणून दिला. तो बाहेरून द्यावा म्हटलं तर सहाव्या पिढीपासूनच्या बोर्डांवर यूएसबी ३चाच ड्रायव्हर सेटअपजवळ नसतो. म्हणजे ‘लोड ड्रायव्हर’चं बटण समोर, पण ते दाबायला कीबोर्ड चालत नाही, माउस चालत नाही आणि पेनड्राइव्हही दिसत नाही. हॉटफिक्स आणि यूएसबीचे ड्रायव्हर बूट-विम आणि इन्स्टॉल-विममध्ये आधी भरल्याशिवाय गत्यंतरच नाही. विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२०ला संपला आहे, तेव्हा असलं मशीन नेटला जोडू नका.

एक्सपीला एएचसीआयच ठाऊक नव्हतं. सेटअपच्या सुरुवातीला खाली क्षणभर एक ओळ यायची, तेवढ्यात एफ-सिक्स दाबायचं आणि ड्रायव्हर द्यायचा तो फक्त फ्लॉपीवरून. फ्लॉपी ड्राइव्ह आज भंगारातही धड मिळत नाही. जुना बोर्ड असेल आणि बायोसमध्ये साटा मोड आयडीई करता येत असेल तर तसं करा आणि मोकळे व्हा, एक्सपीच्या मशिनाला वेगाची घाई नसते. आयडीई मोड नसेल तर एनलाइट या सॉफ्टवेअरने ड्रायव्हर सीडीत भरा. भरताना तो ‘टेक्स्ट मोड ड्रायव्हर’ म्हणून निवडा. साधा पीएनपी म्हणून भरला तर तो विंडोज उभं राहिल्यावर कामाला येतो, सेटअपच्या निळ्या पडद्याला त्याचा उपयोग नाही, आणि मग ‘सेव्हन-बी’चा स्टॉप एरर ठरलेला. बोर्डाच्या चिपसेटचं नाव बघून नेमका कंट्रोलर निवडा. एक्सपीची सीडी छोटी, भरलेली इमेजही साध्या सीडीवर मावते.

मग कुणी काय करावं

घरचा एक लॅपटॉप, विंडोज ११: बाहेरून द्या, किंवा डॉलरवालं फोल्डर करा. बायोसमधला पर्याय सहज सापडला आणि डिस्क तशीही पूर्ण पुसायची आहे, तर व्हीएमडी बंद केलंत तरी मी नाव ठेवणार नाही, फक्त लिहून ठेवा.

दुरुस्तीचं दुकान: रोज वेगळं मॉडेल येणार, त्यामुळे आत भरण्यात अर्थ नाही. व्हेंटॉयचा (ज्यावर अनेक आयएसओ ठेवून हवी ती चालवता येते) एक मोठा पेनड्राइव्ह ठेवा, त्यावर आयएसओ आणि शेजारी पिढीनुसार नावं दिलेली ड्रायव्हरची फोल्डरं. सेटअपमधून ती दिसतात. सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ-टेन दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘डीआरव्ही-लोड’ला आयएनएफ दाखवा, मग डिस्कपार्टमध्ये यादी बघा. कुठला ड्रायव्हर लागू होतो ते बटणांच्या खेळापेक्षा लवकर कळतं.

शाळा किंवा कॉलेजची लॅब, एकाच खरेदीतली एकसारखी मशिनं: इथे भरा, आणि मन लावून भरा, विन-आरईसकट. चिपळूणला २२ जुलै २०२१च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी दुकानांत-घरांत शिरलं, तशा प्रसंगानंतर सगळी लॅब एकदम नव्याने उभी करायची वेळ आली तर प्रत्येक मशिनापाशी बसून लोड ड्रायव्हर दाबणं नको वाटतं. भरलेला पेनड्राइव्ह आणि त्याची एक प्रत वरच्या मजल्यावरच्या कपाटात.

सर्व्हरवाल्यांना फारसं सांगायला नको. डेल, एचपीईच्या सर्व्हरांत रेड कार्डाचा ड्रायव्हर पुरवणारं अवजार मशिनातच असतं, लाइफसायकल कंट्रोलर किंवा इंटेलिजंट प्रोव्हिजनिंग, त्यातूनच विंडोज सर्व्हर टाका. प्रॉक्समॉक्स किंवा केव्हीएमवर आभासी विंडोज टाकत असाल तर व्हर्ट-आयओची आयएसओ दुसरी सीडी म्हणून जोडा आणि तिच्यातल्या व्हीआयओ-स्कझी किंवा व्हीआयओ-स्टोर फोल्डरात तुमच्या विंडोजच्या नावाखालचं ६४ बिटचं फोल्डर दाखवा. तिथेही तेच लोड ड्रायव्हरचं बटण.

आणि फोल्डर करतच आहात तर त्याच्यात वायफायचा ड्रायव्हरही टाका. डिस्क दिसली, विंडोज उतरलं, आणि पहिल्याच पडद्यावर ते नेट मागून बसलं, पण वायफाय दिसत नाही, असा दुसरा अडसर लगेच पुढे उभा असतो. गावात लॅनची केबल कुणाकडे असते? ड्रायव्हर विसरलात तर अँड्रॉइड मोबाइल यूएसबीने जोडा, टेथरिंग चालू करा. त्याचा ड्रायव्हर विंडोजजवळ असतो.